विदर्भातील गावाहून सेपांगची मोटोजीपी शर्यत पाहायला कसे जावे

मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाली, पण पुढच्याच वर्षी ती भारताच्या वाट्याला आली नाही. ती पुन्हा केव्हा येते याची वाट पाहत बसण्यापेक्षा मलेशियातील सेपांग गाठणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. यवतमाळ, वाशीम किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या गावातून निघणाऱ्यालाही तो अवघड नाही. तयारीचा क्रम मात्र चुकता कामा नये. सेपांगचे सर्किट १९९९ मध्ये सुरू झाले, त्याची लांबी ५.५४३ किलोमीटर असून त्यावर १५ वळणे आहेत आणि ते क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या जवळच आहे.

आधी तारीख, मग पासपोर्ट

अलीकडच्या वर्षांत ही शर्यत ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी होत आली आहे. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे सोयाबीन विकायला काढलेले असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते, मजूर मिळवण्याची धावपळ चाललेली असते आणि दिवाळीही फार लांब नसते. म्हणून वावराची जबाबदारी कोणावर सोपवायची हे घरी बोलून ठरवल्याशिवाय तिकीट काढू नये. ज्यांना त्या दिवसांत हलताच येत नाही, त्यांच्यासाठी थायलंडमधील बुरीरामचे सर्किट हा पर्याय आहे. २०२५ मध्ये हंगामाची पहिली शर्यत तेथे मार्चच्या प्रारंभी झाली होती, आणि तोवर हरभरा बहुतेक घरी आलेला असतो.

पासपोर्ट नसेल तर चार महिने आधी अर्ज करावा. आधार कार्डावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाचा फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण खेड्यापाड्यातील अर्ज बहुतेक वेळा याच कारणाने अडकतात. दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा अर्जासोबत अवश्य जोडावा. तो नसल्यास पासपोर्टवर एमिग्रेशन (परदेशी जाण्याआधीची) तपासणी आवश्यक असल्याचा शेरा येतो आणि मलेशिया त्या तपासणीच्या देशांच्या यादीत आहे. पर्यटकाला त्यामुळे जाता येत नाही असे नाही, परंतु विमानतळावर परतीचे तिकीट व हॉटेलचे आरक्षण दाखवून खुलासा करत बसावे लागते. पासपोर्ट आधीपासून असेल, तर प्रवासाच्या तारखेपासून त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे ना, ते पाहावे.

मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. ही सवलत ठरावीक मुदतीची असते, म्हणून विमानाचे पैसे भरण्यापूर्वी ती चालू आहे याची अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बंद करावे.

नागपूरमार्गे की चेन्नईमार्गे

नागपूरहून विमानाने मुंबई किंवा हैदराबाद आणि तेथून क्वालालंपूर हा सरधोपट मार्ग आहे. पूर्व विदर्भातील वाचकांनी मात्र चेन्नईचाही विचार करावा. नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशा येथे थांबणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस थेट चेन्नईला नेते, आणि तेथून क्वालालंपूर विमानाने सुमारे चार तासांवर आहे. रेल्वे व विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, कारण उशिरा आलेल्या गाडीसाठी विमान थांबत नाही. अकोला-बुलढाण्याकडच्यांना मुंबईच सोयीची.

कोणत्या जागेचे तिकीट काढावे

सर्वाधिक विचार करावा असा हा निर्णय आहे, आणि लोक तो केवळ किमतीकडे पाहून उरकतात. सेपांगची एक फेरी सुमारे दोन मिनिटांची असते. म्हणजे २० फेऱ्यांच्या शर्यतीत गाड्यांचा घोळका आपल्यासमोरून २० वेळा, प्रत्येक वेळी काही सेकंदांसाठी जाणार. उरलेला वेळ मोठ्या पडद्याकडे पाहण्यात जातो. त्यामुळे समोर पडदा आहे का आणि डोक्यावर छप्पर आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि धावपट्टी किती जवळ आहे हा प्रश्न त्यानंतर.

मुख्य प्रेक्षागार दोन लांब सरळ पट्ट्यांच्या मधोमध उभे आहे. मागच्या पट्टीवरून ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे वेग घेतलेल्या गाड्या १५ व्या वळणापाशी करकचून ब्रेक मारतात, जवळजवळ उलट्या दिशेला वळतात आणि पुन्हा पुढच्या पट्टीवर सुटतात. त्या क्षणी गाडीचे मागचे चाक जमिनीवरून किंचित उचललेले असते, स्वाराचा आतल्या बाजूचा पाय बाहेर लोंबत असतो आणि त्याचे कोपर काही क्षणांत जमिनीला टेकणार असते. दूरचित्रवाणीवर हे दिसते, पण त्यामागचा वेग तेथे बसूनच कळतो. पहिले वळण सुरुवातीच्या गर्दीसाठी उत्तम. टेकडीवरची गवताळ जागा सर्वांत स्वस्त असते, तेथील उत्साही गर्दीही पाहण्यासारखी असते. पण छप्पर नसते. माझे मत असे, की पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन पैसे जास्त देऊन छपराखालची जागा घ्यावी.

ऊन आणि पाऊस

विदर्भातील माणसाला वाटते, आपण मे महिन्यात ४५ अंश सोसतो, तेथील ३३ अंशांचे काय घेऊन बसलात! येथेच फसगत होते. आपले ऊन कोरडे असते. घाम लगेच वाळतो आणि शरीर थंड होते. सेपांगची हवा दमट असते, घाम वाळत नाही, अंगावर नुसता वाहत राहतो आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. आपला कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत नुसती ओल फेकतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून सैल सुती कपडे घालावेत, डोक्याला दुपट्टा बांधावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे घेत राहावे. ओआरएसची पाकिटे घरूनच न्यावीत.

दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येणे तेथे नेहमीचे आहे. २०१२ ची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवून निकाल जाहीर करावा लागला. २०१६ व २०१७ च्या शर्यती ओल्या धावपट्टीवर झाल्या. छत्री मागच्यांची दृष्टी अडवते, म्हणून रेनकोट न्यावा. पावसात पांढरा झेंडा दिसला, तर स्वारांना पिटमध्ये (संघांच्या गाड्या ठेवण्याच्या जागी) येऊन पावसाळी टायरची दुसरी गाडी घेता येते. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. तेव्हा घाईने जागा सोडून जाऊ नये, कारण ती पुन्हा सुरू होऊ शकते.

शुक्रवार ते रविवार

तिकीट तिन्ही दिवसांचे असल्यास तिन्ही दिवस जावे. शुक्रवारी सराव असतो, गर्दी कमी असते, आणि वेगवेगळ्या वळणांवरून पाहून घेता येते. २०१५ मध्ये रॉसी आणि मार्केझ या स्वारांमध्ये गाजलेला प्रसंग घडला ते १४ वे वळण, तसेच २०११ मध्ये मार्को सिमोनचेली या स्वाराचा जीव गेला ते ११ वे वळण त्याच दिवशी पाहावे. शनिवारी सकाळी पात्रता फेरी आणि दुपारी निम्म्या अंतराची छोटी शर्यत, म्हणजे स्प्रिंट, असते. रविवारी आधी मोटो३ व मोटो२ या कमी ताकदीच्या गाड्यांच्या गटांच्या शर्यती होतात. मुख्य शर्यत सहसा स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. आवाज कानठळ्या बसवणारा असतो. प्रौढांनी कानात बोळे घालावेत, आणि लहान मुलांना कान झाकणारे हेडफोन दिल्याशिवाय नेऊच नये.

खाणे, मुक्काम आणि खर्रा

शाकाहारींनी भाजी दिसली म्हणून ताट घेऊ नये. तेथील चटण्यांत आणि भाज्यांत सुकट किंवा कोळंबीचा लगदा सर्रास असतो. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागात केळीच्या पानावर जेवण देणाऱ्या दक्षिण भारतीय खानावळी आहेत. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी मुक्कामी उपयोगी पडते, मात्र सर्किटच्या दारात बाहेरचे खाणे अडवले जाऊ शकते. खर्रा घरीच ठेवावा. सार्वजनिक ठिकाणी थुंकल्यास तेथे दंड होतो, आणि सामानाच्या तपासणीत त्या पुडीचा खुलासा करणे फारसे सुखाचे नसते. दुसऱ्याने दिलेले बंद पाकीट तर कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये, कारण अमली पदार्थांविषयीचे तेथील कायदे अत्यंत कडक आहेत. चार्जरसाठी तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

मुक्काम शहराच्या मध्यभागी करण्याऐवजी सालाक तिंगी, निलाई किंवा पुत्राजाया येथे केल्यास सकाळचा प्रवास वाचतो. रविवारी शर्यत संपल्यावर हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडतात, अॅपवरची टॅक्सी लवकर मिळत नाही आणि भाडेही चढते. म्हणून शटल बसची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवावी, आणि परतीचे विमान रविवारी रात्रीचे न घेता सोमवारी दुपारचे घ्यावे.