पाऊस पडायच्या आत ट्रॅक्टरचं जळकं ऑईल नीट मार्गी लावा

राम राम मंडळी. मे संपत आला, नांगरट झाली, रोटा मारून झाला, आता मृगाच्या आधी जो तो ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला काढतोय. याच पंधरा दिवसांत गावोगाव शेडमध्ये, विहिरीजवळ, बांधावर काळं ऑईल निघतं आणि पुढं त्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. ३५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरला इंजिन ऑईल साधारण ६ ते ८ लिटर बसतं, बऱ्याच मॉडेलला ते २५० तासांनी बदलायचं असतं, म्हणजे भाड्यानं चालणारा ट्रॅक्टर असेल तर वर्षाला पंधरा-वीस लिटर सहज निघतं, आणि गावात असे तीस ट्रॅक्टर धरले तर बघा किती होतं.

आमच्या शेडमागं एक कोपरा आहे, तिथं आम्ही पाच-सहा वर्षं ऑईल ओतत होतो, आज ते बंद करून बराच काळ झाला तरी तिथं हरळीसुद्धा येत नाही. ज्या हरळीला आपण उपटून, नांगरून, तणनाशक मारून थकतो ती जर त्या जागी उगवत नसेल तर जमिनीचं काय झालं असेल ते समजून घ्या. ऑईल मातीच्या कणाभोवती बसतं, मग पाणी आत मुरत नाही, हवा जात नाही, बी पडलं तरी भिजत नाही. आणि जे जिवाणू ते ऑईल हळूहळू खातात ते त्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात म्हणून कडेची पिकंही पिवळी दिसतात.

डिझेल इंजिनचं ऑईल काळं होतं ते काजळीनं. पण त्यात नुसती काजळी नसते, इंजिन झिजून आलेलं लोखंड, तांबं, शिसं, क्रोमियम असतं, ऑईलमध्ये मुळात टाकलेलं जस्त असतं आणि अर्धवट जळालेल्या डिझेलची अशी संयुगं असतात ज्यातली काही कॅन्सर करणारी आहेत. म्हणून हातानं चोळायची वस्तू ही नाहीच.

पावसाच्या आधी का म्हणतोय, तर आपल्याकडं बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांमधून आणि वरच्या मुरमातून पळतं, गाळून जात नाही. पहिल्या मोठ्या पावसात शेडपुढचं सगळं वाहून ओढ्यात, तिथून विहिरीत. आणि आता बऱ्याच जणांनी बोअर रिचार्ज केलंय, म्हणजे पावसाचं पाणी खड्ड्यातून बोअरमध्ये जिरवलंय, ते चांगलंच आहे, पण ट्रॅक्टर धुवायची जागा त्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला असेल तर आपण स्वतःच्या हातानं ऑईल बोअरमध्ये सोडतोय, हे आजच जाऊन बघा. खड्डा खणून त्यात ऑईल पुरणारे लोक पण आहेत, तेही तेच. १ लिटर ऑईल १० लाख लिटर पाणी पिण्याजोगं ठेवत नाही असं सांगतात, म्हणजे अख्ख्या शेततळ्याएवढं पाणी.

आता जळक्या ऑईलचे जे घरगुती उपयोग चालतात त्यावर बोलू, कारण खरी अडचण तिथं आहे, फुकटचं औषध म्हणून कोणी ते टाकून द्यायला तयार नसतं.

आंब्याच्या, संत्र्याच्या, मोसंबीच्या बुंध्याला वाळवी, उधई किंवा खोडकिडा नको म्हणून ऑईल फासतात. मोठं जुनं झाड ते सोसतं, पण दोन-तीन वर्षांच्या कलमाची साल कोवळी असते, ती गुदमरून तडकते, कधी कधी झाडच वरून वाळत येतं आणि आपण दोष देतो रोपवाटिकेला. त्याजागी बोर्डो पेस्ट लावा, पावसाळ्याआधी हीच वेळ आहे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको, मग एकत्र करून जमिनीपासून दोन-अडीच फूट ब्रशनं लावायची. वाळवीची मातीची नळी आधी खरवडून काढायची, हे विसरू नका.

टोमॅटोच्या बांबूचे बुडखे ऑईलमध्ये बुडवून रोवतात. तो बांबू झाडाच्या मुळाशेजारीच जातो आणि पावसात ऑईल तिथंच उतरतं. बुडखा विस्तवावर वरवर काळा करून घेतला तर थोडा टिकतो, आणि हंगाम संपल्यावर बांबू बांधावर न टाकता छपराखाली दगडावर रचून ठेवले तर त्याहून जास्त टिकतात.

जनावरांना तर अजिबात लावू नका. गोचीड, खरूज, बैलाचा सोललेला खांदा, सगळ्याला एकच काळं ऑईल, असं अजून चालतं. जनावर अंग चाटतं, ते पोटात जातं, आणि कॅन उघडा दिसला तर गाय स्वतःहून तोंड घालते, ऑईलची चव त्यांना आवडते. दुभत्या जनावराबाबत तर विचारच करू नका, डॉक्टरांना बोलवा. डासांसाठी टाकीत किंवा डबक्यात ऑईल टाकणं पण सोडा, गप्पी मासे सोडा, ते काम करतात.

डिझेलमध्ये मिसळून पंपाचं इंजिन चालवणारे पण भेटतात. आठवडाभर चालेलही, मग फिल्टर चोंदणार, नोझल खराब होणार, आणि वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट नोझल दुरुस्त करणाऱ्याला द्यायचे. फडक्यातून गाळून परत इंजिनमध्ये टाकणं हाही तोटाच, गाळल्यानं कचरा जातो पण आम्ल मारायची आणि झीज थांबवायची जी ताकद संपलेली असते ती परत येत नाही. वीटभट्टीत, गुऱ्हाळाच्या चुलाणात ओतू नका, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. सेंट्रिंगवाला मागतो त्याला देतो आपण, पण त्यानं स्लॅबच्या खालच्या अंगाला डाग राहतो आणि प्लास्टर धरत नाही, त्यासाठी वेगळं ऑईल दुकानात मिळतं.

मग करायचं काय. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको, खाली रुंद घमेलं किंवा आडवा कापलेला कॅन ठेवा, ड्रेन बोल्ट काढला की घाई न करता पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. फिल्टरला वरून भोक पाडून रात्रभर उपडा ठेवा, त्यातही बरंच ऑईल अडकलेलं असतं. सगळं परत ऑईलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा. फवारणीच्या औषधाचा कॅन नको, आणि पाण्याची बाटली तर कधीच नको, लहान पोरं घरात असतात. झाकण घट्ट, वर मोठ्या अक्षरात लिहा, सावलीत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात काही मिसळू नका. पार्ट धुतलेलं डिझेल, थिनर, कूलंट, ब्रेक ऑईल, उरलेलं औषध, पावसाचं पाणी, यातलं काहीही गेलं की त्या ऑईलची किंमत जाते. स्वच्छ वापरलेल्या १०० लिटरमधून कारखान्यात साठेक लिटर बेस ऑईल परत निघतं, त्यातूनच नवीन ऑईल बनतं, म्हणून ते विकत घेणारे लोक आहेत.

कायद्यानं वापरलेलं ऑईल हे घातक कचऱ्यात येतं, २०१६ चे नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी आहे. म्हणून ऑईल घेता तिथंच, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा की जुनं घेता का, आणि पुढं कोणाला देता. भंगारवाल्याला देताना जपून, कारण तेच ऑईल नुसतं गाळून नव्या कॅनमध्ये भरून बनावट म्हणून आपल्याच ट्रॅक्टरमध्ये परत येऊ शकतं. त्यामुळं नवीन ऑईलचा रिकामा कॅन भंगारात देताना झाकण आणि लेबल फाडून द्या.

सात लिटरसाठी गाडी कोणी पाठवत नाही हे खरं आहे. पण तीस जणांचं एकत्र केलं तर २०० लिटरचं बॅरल भरतं, गावातला गॅरेजवाला किंवा शेतकरी कंपनी पुढं झाली तर नोंदणी असलेला गोळा करणारा येतो, फक्त बॅरल पाऊस लागायच्या आत रिकामं व्हायला हवं.

सांडलंच तर पाणी मारू नका, भाताचा भुसा, राख किंवा कोरडी माती टाकून शोषू द्या, गोळा करून गोणीत भरा आणि फिल्टरबरोबर गॅरेजला द्या, उकिरड्यावर टाकलं तर शेणखतातून शेतात येईल. हात डिझेलनं धुवायची सवय मोडा, आधी थोडं खायचं तेल चोळून पुसा, मग साबण लावा, आणि ते फडकं खिशात ठेवू नका.