कुटुमसरच्या गुहेला निघण्याआधी

गुहा उघडी आहे का, ते आधी विचारा. बॅग भरायच्या आधी, गाडी ठरवायच्या आधी, सुट्टीचा अर्ज टाकायच्याही आधी.

आम्ही विचारलं नव्हतं. माझे बाबा भूगोलाचे शिक्षक. अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, म्हणजे गुहेच्या छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे चुन्याचे खांब, त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढले, प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. म्हणून छत्तीसगडमधल्या बस्तरचा दसरा, चित्रकोटचा धबधबा आणि कुटुमसरची गुहा असा एकत्र बेत केला. नागपूर ते रायपूर, तिथून जगदलपूरला आणखी 300 किलोमीटर. दसरा पाहिला, धबधबा पाहिला. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर पोहोचलो तर गुहा बंद. बाबा काही बोलले नाहीत, गाडीत जाऊन बसले. ते मला अजून आठवतं.

कारण अगदी साधं आहे. गुहा कांगेर नदीच्या काठी आहे, पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरतं. साधारण जून ते ऑक्टोबर ती बंदच असते आणि पाऊस लांबला तर उघडणंही लांबतं. चित्रकोटला इंद्रावती नदी भरून कोसळते ती पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच. गुहेत मात्र पाणी ओसरल्यावरच जाता येतं. दोन्ही एकाच फेरीत साधायचा हट्ट धरू नका. गुहेसाठी जायचं तर डिसेंबर-जानेवारी गाठा, धबधबा थोडा बारीक झालेला चालेल. आणि डिसेंबर असला तरी विचारा. वन विभागाचा फोन लागला नाही तर जिथे मुक्काम करणार आहात त्यांना चौकशी करायला सांगा. ‘उघडी असेल’ हे उत्तर नाही. ‘काल लोक आत जाऊन आले’ हे उत्तर.

आता बाकीचं. पाणी, टोपी, ओळखपत्र हे सांगायला नको. रोख पैसे सुटे करून घ्या, जंगलात मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. गेटवरून जिप्सी करावी लागते, सोबत गाईड असतो. सकाळी लवकर पोहोचा.

बूट घाला, तळाला खाचा असलेले. चप्पल नको, सॅंडल नको. आत ओली माती आणि गुळगुळीत दगड आहे. तोंड इतकं अरुंद की अंग चोरून उतरावं लागतं, म्हणून दोन्ही हात मोकळे हवेत. खांद्यावरची पर्स, कॅमेऱ्याची मोठी बॅग गाडीतच ठेवा. गाईडकडे दिवा असतो, पण तो एकच आणि आपण सात-आठ जण. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाची वेगळी घ्या.

थंडीचे दिवस म्हणून स्वेटर घालून आत जाऊ नका. बाहेर कुडकुडायला होत असलं तरी आत तापमान 28 अंशांच्या आसपास असतं, हवा दमट आणि कोंदट. घामाने भिजायला होतं, चष्म्यावर वाफ धरते. खिशात कोरडा रुमाल हवा. दमा, हृदयविकार, बंद जागेची भीती असेल त्यांनी बाहेरच थांबावं. घरातल्या माणसांना हे आदल्या रात्री स्पष्ट विचारा. पायऱ्यांवर मध्येच कोणी घाबरलं तर मागे वळायला जागा नसते.

स्तंभांना हात लावू नका, लावू देऊ नका. थेंबाथेंबाने चुना साठून एवढी उंची यायला हजारो वर्षं लागतात आणि हाताचा तेलकटपणा लागला की तिथली वाढ बिघडते. डबक्यांत फिकट रंगाचे, दृष्टी गमावलेले छोटे मासे दिसतील. त्यांच्यावर बॅटरी रोखून धरू नका, पाण्यात बोट घालू नका. मुलांना हे बाहेरच समजावून सांगा, आत कोणी ऐकत नाही. 1950च्या दशकात शंकर तिवारी यांनी या गुहेचा अभ्यास केला. इथल्या रातकिड्याच्या एका जातीला त्यांच्या नावावरून ‘शंकरी’ म्हणतात. बाबांना ते फार आवडलं. हो, दुसऱ्या वेळी जानेवारीत गेलो, आदल्या संध्याकाळी विचारून. त्यांनी एका स्तंभाखाली उभं राहून थेंब पडायची वाट पाहिली, पडला तेव्हा माझा हात धरला.

गाईडचं नीट ऐका. गावात हलबी ही इथली बोली कानावर पडेल, त्यात मराठीच्या जवळचे शब्द सापडतात, थांबून बोला.

तीरथगडचा धबधबा त्याच उद्यानात आहे, गुहेनंतर करा. पायऱ्या भरपूर, गुडघे दुखत असतील तर वरूनच पाहा. खाऊची पाकिटं परत आणा. परतताना केशकाल घाट उजेडात उतरा.

आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा. आधी केला असला तरी.