प्लॉट पाडण्याआधी पाण्याचा हिशोब

ले-आउटचा नकाशा रस्ते आणि प्लॉटच्या रेघांनी भरून जातो, आणि पाण्याचा प्रश्न शेवटी ‘बोअर मारू’ म्हणून उरकला जातो. हा क्रम उलटा हवा. किती घरे बसतील हे जमिनीच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर तिच्या पाण्यावरून ठरवा.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा, जमीन १० हेक्टर आहे, पाऊस वर्षाला ७०० मिमी आहे आणि त्यातला १० टक्के मुरतो. मग वर्षाचे पुनर्भरण, म्हणजे जमिनीत मुरून भूजलात जाणारे पाणी, ७,००० घनमीटर झाले. (अखंड कातळावर १० टक्केही मुरत नाही, वाळूमिश्रित गाळाच्या जमिनीत याच्या दुप्पटही मुरते.) आता मागणी पाहा. २०० घरे, घरटी ४ माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे वर्षाला ३९,४२० घनमीटर. मुरते त्याच्या साडेपाच पटींहून जास्त. कमी पडणारे पाणी शेजारच्या विहिरींखालूनच ओढले जाणार. नळाचे पाणी बाहेरून येणार असेल तर हाच हिशोब त्या योजनेच्या उद्भवाला, म्हणजे ती जिथून पाणी उचलते त्या स्रोताला, लावा. आणि पाऊस सरासरीचा धरू नका. गेल्या तीसेक वर्षांची नोंद काढून तिच्यातल्या कोरड्या वर्षांवर गणित करा.

या आकड्यांना तीन बाजूंनी हात घालता येतो. पहिली बाजू सांडपाणी. १३५ लिटरपैकी साधारण ४५ लिटर फ्लशला जातात. ते प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भागवले तर मागणी २६,२८० घनमीटरवर येते. त्यासाठी दुहेरी पाइपलाइन बांधकामातच टाकावी लागते. राहत्या घरांत ती नंतर कोणी बसवत नाही. दुसरी बाजू छपरांची. २ हेक्टर छपरावरचे ८० टक्के पाणी गोळा झाले तर ११,२०० घनमीटर मिळतात. पण ६० टक्के जमीन बांधकामाखाली गेली तर नैसर्गिक मुरणे ७,००० वरून २,८०० वर येते. बेरीज १४,००० झाली. माणशी ९० लिटरने एवढ्यात सव्वाचारशे माणसे भागतात, म्हणजे जेमतेम १०६ घरे, तीही छपराचा थेंबन्‌थेंब मुरला तरच. म्हणून तिसरी बाजू घरांची संख्या कमी करण्याची, आणि चर्चेत नेमकी तीच टाळली जाते.

पाणी मुरते की नाही हे खड्डा खणून पाहा. ३० सेंमी चौरस खड्डा मुरवण्याच्या खोलीपर्यंत खणा, बाजू खरवडा, तळाला ५ सेंमी खडी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पातळी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. कोरड्या खड्ड्यात लगेच मोजले की आकडा फसवा येतो, कारण सुरुवातीला कोरडी माती अधाशासारखी पाणी पिते.

बोअरची चाचणी ऐन उन्हाळ्यात, किमान २४ तास सलग पंप चालवून घ्या. त्याच वेळी शेजारच्या विहिरींची पातळी मोजा आणि पंप बंद केल्यावर तितकाच वेळ पाणी परत किती वर येते तेही लिहा. पावसाळा संपताच घेतलेली चाचणी कागदावर छान दिसते, पण मे महिन्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग नकाशा. जिथे पाणी चांगले मुरते तो पट्टा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची शक्य तर ३० मीटर जागा आधी मोकळी सोडा. ओढा पाइपात घालू नका. पाणलोटाचा १० टक्के भाग सिमेंट-डांबराखाली गेला की ओढ्याची प्रकृती बिघडू लागते. पुराचाही अंदाज घ्या: वाहण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × तासाचा पाऊस मिमीत × हेक्टर, भागिले ३६०. तासाला ६० मिमी पावसात १० हेक्टरच्या माळावरून (गुणांक ०.३) सेकंदाला अर्धा घनमीटर वाहते, तर वसाहतीतून (०.७) सुमारे १.१७. हा वाढीव लोंढा आपल्याच हद्दीत तळ्यात अडवा.

सोडलेल्या पट्ट्याला यंत्रे येण्याआधी कुंपण हवे. डंपर आणि रोलर फिरून दबलेली माती वरून हिरवळ लावली तरी पाणी घेत नाही. त्या जागेवर विटा-खडीचा ढीगही नको.

पुनर्भरण खड्डा १ ते २ मीटर रुंद आणि २ ते ३ मीटर खोल घ्या. तळाला ५ ते २० सेंमीचे दगड, त्यावर ५ ते १० मिमी खडी, सर्वांत वर जाड वाळू. पहिल्या सरीतले १ ते २ मिमी पाणी, म्हणजे १०० चौरस मीटर छपरामागे १०० ते २०० लिटर, बाहेर सोडा. खड्डे हमखास बुजतात ते बांधकामाच्या गाळाने, त्यामुळे काम संपेपर्यंत जोडणी करू नका. दर पावसाळ्याआधी वाळूचा वरचा थर खरवडून बदला. रस्त्याचे किंवा गॅरेजचे तेलकट पाणी कधीही थेट बोअरमध्ये नको; एकदा बिघडलेले भूजल सुधारायला वर्षानुवर्षे लागतात.

सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब आणि त्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या दीड मीटर वर ठेवा. भेगाळ खडकात एवढे अंतरही पुरत नाही, घाण भेगांतून सरळ धावते. तिथे एकत्रित प्रक्रिया केंद्रच हवे.

हे सगळे परवानगीच्या अटींत लिहून घ्या, तोंडी आश्वासन टिकत नाही. प्रत्येक बोअरला मीटर बसवा, एक बोअर केवळ पातळी मोजायला राखा, मुरण्याची जागा सामाईक मालकीची करा आणि खड्ड्यांची देखभाल कोणाकडे हे नमूद करा. पहिल्या टप्प्यात निम्मीच घरे बांधा. दोन उन्हाळ्यांच्या नोंदींत पातळी सावरलेली दिसली, तरच दुसऱ्या टप्प्याला मंजुरी द्या.