रॉथ आयआरए: जानेवारीची घाई, मार्चची रड

रॉथ आयआरए म्हणजे अमेरिकेतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं. उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेलं की त्यात पैसे टाकता येत नाहीत. दर मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतो. "अरे, रॉथमध्ये पैसे टाकले, आता टॅक्स सॉफ्टवेअर लाल दाखवतंय." टाकलेले असतात वर्षभरापूर्वी, १ जानेवारीला, मोठ्या उत्साहात.

पहिली चूक म्हणजे पगारालाच उत्पन्न समजणं. रॉथची पात्रता ठरते एमएजीआयवर, म्हणजे काही वजावटी आणि फेरफार करून काढलेल्या एकूण उत्पन्नावर. आम्ही तिला मॅगी म्हणतो, पण ही दोन मिनिटांत होत नाही. तिच्यात बोनस येतो, आरएसयू (कंपनीकडून टप्प्याटप्प्यानं मिळणारे शेअर) येतात आणि पुण्याच्या बँकेतल्या एनआरई एफडीचं (अनिवासी भारतीयांच्या मुदतठेवीचं) व्याजही येतं. ते करमुक्त आहे भारतात, अमेरिकेत नाही.

माझा एक मित्र आणि त्याची बायको २०२३ च्या जानेवारीत प्रत्येकी साडेसहा हजार डॉलर टाकून मोकळे झाले. त्या वर्षी एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना २ लाख १८ हजारांपर्यंत पूर्ण रक्कम चालायची, २ लाख २८ हजारांना दार बंद. दोघांचे पगार मिळून २ लाख १० हजार. नोव्हेंबरात शेअर व्हेस्ट झाले (म्हणजे नावावर आले), वर एफडीचं व्याज, आणि आकडा २ लाख ३० हजारांच्या पुढे. रॉथची रक्कम डब्ल्यू-टूवर (कंपनीच्या वार्षिक पगार दाखल्यावर) नसते, आणि ती दाखवणारा फॉर्म ५४९८ येतो मे महिन्यात, रिटर्न भरून झाल्यावर. सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, पण पठ्ठ्यानं 'नाही' दाबून पुढचं पान उघडलं. उघडकीला आलं २०२५ च्या फेब्रुवारीत. जादा रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं ६ टक्के दंड. २०२४ मध्ये नवे पैसे टाकले नव्हते, पण उत्पन्न तेव्हाही मर्यादेबाहेरच. १३ हजारांवर वर्षाला ७८०, दोन वर्षांचे १,५६० डॉलर. १५ ऑक्टोबर २०२४ च्या आत ती रक्कम त्यावरच्या नफ्यासकट काढली असती तर हा दंड बसलाच नसता.

मी जानेवारीत काही टाकत नाही. पैसे बचत खात्यात बाजूला ठेवतो. पुढच्या फेब्रुवारीत डब्ल्यू-टू आणि एफडीच्या व्याजाचा दाखला हातात आला की १५ एप्रिलच्या आत मागच्या वर्षासाठी भरतो. भरताना रक्कम कोणत्या वर्षासाठी ते मात्र नीट निवडा. "बाजारातलं वर्ष वाया जातं" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. २०२५ साठी पैसे टाकायची मर्यादा ७,००० डॉलर होती, पन्नाशी गाठलेल्यांना ८,०००. त्या वर्षी रॉथची पात्रता एकट्याला १ लाख ५० हजारांच्या उत्पन्नापासून घटत १ लाख ६५ हजारांना संपत होती. जोडप्याला २ लाख ३६ हजार ते २ लाख ४६ हजार.

पैसे टाकायची मर्यादा सगळ्या आयआरए खात्यांना मिळून एकच आहे. नवरा-बायको एकत्र राहून वेगळं रिटर्न भरत असतील, तर रॉथचं दार दहा हजारांनाच बंद. नागपूरच्या फ्लॅटचं भाडं 'कमाई' नव्हे, त्याच्या जोरावर आयआरए भरता येत नाही. नोकरी नसलेल्या बायकोचं खातं मात्र नवऱ्याच्या पगारावर भरता येतं, रिटर्न एकत्र असलं तर.

राहिलं बॅकडोअर, म्हणजे कर भरलेले पैसे आधी साध्या (ट्रॅडिशनल) आयआरएत टाकून मग त्यांचं रॉथमध्ये रूपांतर करणं. व्हिडिओ पाहून पाच मिनिटांत उरकणाऱ्यांनी आधी जुनं रोलओव्हर आयआरए (जुन्या कंपनीच्या निवृत्ती योजनेतले पैसे हलवलेलं खातं) तपासावं. त्यात करपूर्व, म्हणजे कर न भरलेले, ६३ हजार पडून असतील, तर रूपांतर केलेल्या ७ हजारांतले जेमतेम ७०० करमुक्त. हिशोब होतो ३१ डिसेंबरच्या शिलकेवर, आणि तो दाखवणारा फॉर्म ८६०६ भरावाच लागतो. मी आधी जुने पैसे सध्याच्या कंपनीच्या ४०१-के या निवृत्ती योजनेत हलवले. त्याला सहा आठवडे, दोन चेक आणि असंख्य फोन लागले.