छाटणीआधी धुवणाच्या पाण्याचा खड्डा भरून ठेवा

नाशिक भागात द्राक्षाची फळछाटणी जवळ आली की ब्लोअरची (फवारणी यंत्राची) नोझल, पंप, पाइप सगळं तपासून होतं. टाकी धुतलेलं पाणी कुठं जातं, हे मात्र कुणी बघत नाही. पाण्याची सोय विहिरीपाशी, म्हणून औषध तिथंच कालवायचं आणि टाकीही तिथंच धुवायची!

पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची युरोपातली मर्यादा आहे लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम. त्या हिशेबानं 1 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला न्यायला 1 ग्रॅम औषध पुरतं. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 10 फूट पाणी म्हणजे जेमतेम 90 हजार लिटर. तुरटीनं गाळ बसतो, टीसीएलनं (ब्लीचिंग पावडरनं) जंतू मरतात. औषधाच्या अंशावर या दोन्हींचा भरवसा धरू नका.

स्वीडनमध्ये 1990 च्या दशकापासून यावर ‘बायोबेड’, म्हणजे धुवणातलं औषध कुजवणारा काड-मातीचा खड्डा, वापरतात. विहिरीपासून लांब, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा जागी दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाला शेततळ्याचा कागद अंथरा. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा बारीक तोडून दोन घमेली, रानातली माती एक घमेलं आणि कुजलेलं कंपोस्ट एक घमेलं, या प्रमाणात कालवून, ओलवून महिनाभर मुरू द्या. काडावर पांढरे तंतू दिसू लागले की समजा काम सुरू झालं. काड कुजवणारी ही बुरशी औषधाचे रेणूही तोडते. ताजं शेण ढकलायचा मोह आवरा. नत्र वाढलं की ती सुस्तावते. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. वर पत्रा हवाच.

सगळं पाणी खड्ड्यावर लोटू नका. औषधाचे डबे तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता, टाकीचं पहिलं धुवण बागेतच फवारून टाका. राहिलेलं पाणी ड्रिपच्या नळीनं खड्ड्यावर हळूहळू सोडा. काड खचतं, दरवर्षी भर घाला. मोरचुदातलं तांबं मात्र कुजत नाही, साठतच जातं. म्हणून बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचं) धुवण यात टाकू नका आणि खड्ड्यातलं जुनं मिश्रण भाजीच्या वाफ्यात नको.

घरच्या पिण्याच्या पाण्याची शंका असेल तर प्रयोगशाळेत कीटकनाशक अंशाची तपासणी सांगून करून घ्या. साध्या तपासणीत ते दिसत नाही. अंश निघाले तर करवंटीच्या सक्रिय कोळशाचा फिल्टर बहुतेक औषधं धरून ठेवतो. तो भरला तरी पाणी स्वच्छच दिसतं, तेव्हा चव बदलायची वाट न बघता कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत कार्ट्रिज बदला.