चार बाय सहाचं बाथरूम बसवायचंय? आधी खडू आणा

आमचं डोंबिवलीतलं बाथरूम चार बाय सहा. म्हणजे विटेपासून विटेपर्यंत, कारण प्लास्टर आणि टाइल्स झाल्यावर उरलं पावणेचार बाय पावणेसहा. प्रत्येक भिंत दीड दीड इंच खाते आणि हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. मी आपलं ४८ इंच धरून कागदावर बेसिन काढलं, दाराचं पान २८ इंचाचं, तीन इंच मोकळे राहतायत म्हटलं झकास. दार लावायच्या दिवशी सुतार म्हणतो, साहेब हे बेसिनला घासतंय. तीन इंच म्हणजे बरोब्बर तेवढेच जे टाइल्सनी खाल्ले. म्हणून पहिलं काम, कच्च्या मापातून दोन्हीकडचे मिळून तीन इंच वजा करा आणि मगच कमोड, बेसिन, काय ते बघायला दुकानात जा.

तसं बघायला गेलं तर नॅशनल बिल्डिंग कोडमधे (२०१६ चा) एकत्र संडास-बाथरूमला कमीत कमी २.८ चौरस मीटर सांगितलेत, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. आपलं २४. जुन्या बिल्डिंगमधे हे असंच असतं, त्यामुळे कॅटलॉगमधले फोटो बघून प्लॅन करायचा नाही, त्या फोटोत बादली कुठे दिसते का सांगा. आपल्याकडे शॉवर असला तरी बादली, मग, स्टूल असतंच, आणि पाणी जायच्या दिवशी एक ड्रम पण.

तर आता खडू घ्या आणि तोडफोड झालेल्या जमिनीवर खरोखर आखा. सुरुवात कमोडपासून, कारण बाकी सगळं इकडचं तिकडे होतं पण तो नाही. त्याचा पाइप चार इंची, तो डक्टकडे (बिल्डिंगचे पाइप ज्या उभ्या मोकळ्या जागेतून खाली जातात तिकडे) उतारानेच गेला पाहिजे, कमोड लांब नेला की पाइपला उतार द्यायला जमीन वर उचलावी लागते आणि बाथरूमला पायरी येते. आहे तिथेच राहू द्या. चार फुटी रुंदीत तो डक्टकडच्या आखूड भिंतीला लागतो, लांब भिंतीला लावलात तर साधा कमोड २७-२८ इंच पुढे येतो, समोर राहतात १७, माणूस आडवा होऊनच आत जाणार. आखूड भिंतीला लावला तर पुढे ४१ इंच मोकळे मिळतात आणि तीच तुमची आंघोळीची जागा. कमोडचा मध्य बाजूच्या तयार भिंतीपासून १५ इंचावर, त्याहून कमी केलं तर बसल्यावर कोपर टाइल्सला लागतं. आणि विकत घ्यायच्या आधी जुन्या आउटलेटचं माप घ्या: पाइप जमिनीतून येतोय की भिंतीतून, आणि जमिनीतून असेल तर तयार भिंतीपासून त्याचा मध्य किती इंचावर. ते न बघता आणलेला कमोड परत न्यायला लागलेली दोन घरं मला माहितीयत.

वॉल हंगचं, म्हणजे भिंतीला टांगलेल्या कमोडचं, सगळे सांगतात, जागा वाचते म्हणून. कमोड २०-२१ इंचाचा खरा, पण मागे टाकी लपवायला सहा इंची खोकं बांधलं की हिशोब परत २६-२७ वर येतो. फायदा एवढाच की खालून फडका मारता येतो, आणि खोक्याच्या वर शाम्पूच्या बाटल्या ठेवायला आयती फळी मिळते, पण ती टाकी दुरुस्त करायची वेळ आली तर आतपर्यंत हात कसा जाणार ते आधी प्लंबरला विचारा.

बेसिन सरळ बाहेर पॅसेजमधे काढा. आम्ही नाइलाजाने काढलं आणि सगळ्यात बरं तेच झालं, सकाळी एक जण आत आणि दुसरा दात घासतोय, भांडण संपलं. दार बाहेर उघडणारं करा, घरात वयस्कर माणूस असेल तर नक्कीच, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

आता बादली खरोखर ठेवा, स्टूलवर बसा, मगने पाणी घेतल्यासारखं करा. हसू येईल, पण नळ कुठे पाहिजे ते असंच कळतं. नळाची चोच बादलीच्या काठापेक्षा चार-पाच इंच वर पाहिजे, आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं भोक, दारापासून लांबच्या कोपऱ्यात. उतार फुटाला एक ते दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि तो सगळा त्या कोपऱ्याकडे. जमिनीला एक बाय एकची अँटीस्किड टाइल घ्या, दोन बाय दोनला उतार नीट बसत नाही आणि मधेच डबकं साचतं.

गीझर कमोडच्या वरच्या भिंतीवर, पण डोक्याला लागणार नाही इतका उंच. गॅस गीझर मात्र आत अजिबात नको, एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, वासही येत नाही आणि माणूस जातो.

टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. गवंडी म्हणेल एक रात्र पुरे, ऐकू नका. आणि त्या दोन दिवसात खालच्या मजल्यावर एकदा तरी जाऊन त्यांचं छत बघून या, चहा घ्या, आधीच सांगून ठेवलेलं असलं की पुढे काही झालं तरी आवाज जरा कमी चढतो.