कॉलेजच्या फुटबॉल टीमकडं लोकांना परत कसं आणायचं

पहिलं काम माफी मागायचं. आमच्या बेळगावच्या कॉलेज टीमच्या पोरांनी मागच्या सीझनला रेफ्रीच्या अंगावर धावून जाऊन मैदानाबाहेर दंगा केला आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गल्लीतली माणसं यायचीच बंद झाली, मला फार वाईट वाटलं ते. स्टेटसवर सॉरी टाकून काय होत नाही बघा, कॅप्टननं दोन-तीन पोरं घेऊन घरोघरी जायचं, "काका, चुकलं आमचं, रविवारी मॅचला या" एवढंच बोलायचं, कारणं सांगत बसायचं नाही.

मग रविवारी सकाळी ६ ते ८ गल्लीतल्या लहान पोरांना फुकट शिकवा. १० बॉल आणि खुणेला ठेवायचे चार प्लास्टिकचे कोन बास होतात. पोरगं पासिंग शिकून घरी गेलं की पुढच्या मॅचला आई-बाबा आपोआप येतात, ह्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा, बेळगावात टीम सगळ्यांचीच पायजे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या आखाड्यांच्या नावानं खेळणाऱ्या टीमच्या, फुटबॉल मॅचला गर्दी होते कारण टीम पेठेची असते, आपल्याला तेच करायचंय.

मॅच संपली की हरलो तरी प्रेक्षकांसमोर जाऊन हात जोडायचे, बाटल्या-कागद उचलूनच मैदान सोडायचं. टिळकवाडीत लेले मैदानावर खेळलात तर चालायला येणाऱ्या आजोबांना आधी नमस्कार करा, जुने खेळाडू त्यांच्यातच भेटतील, त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या.